एकोणीस जानेवारीचा एकतीस डिसेंबर

२० डिसेंबर

सकाळी ताईचा फोन. "एकतीसला आम्ही सगळे तुमच्याकडे. तू काही करत बसू नकोस, मी करून आणते. फक्त लिलाव झाला पाहिजे हं, सांगून ठेवते."

"हो हो, या ना," म्हणाले आणि फोन ठेवला.

नणंद असून ताईने मला कधी जाच म्हणून दिला नाही. पण तिला वाटतं की भावाला हुरूप दिला की तो आपोआप पूर्वीसारखा होईल. लिलाव म्हणे! गेल्या वर्षीपर्यंत ठीक होतं. एकतीस डिसेंबरला जेवणं उरकली की हा स्टुलावर चढायचा आणि सरत्या वर्षाचा लिलाव पुकारायचा. वर्षभरात ज्याने ज्याने ताप दिला ते सगळं विकायला काढायचा. ताईचा धूर सोडणारा मिक्सर, भावोजींचं घोरणं, माझं "मी सांगितलं होतं ना" हे वाक्य. बोली पैशांत लावायची नाही, कबुलीत लावायची. "आठवडाभर भांडी मी घासीन." "महिनाभर मिक्सरचं नाव काढणार नाही." आणि हा जो सुटायचा! भाजीच्या घाऊक बाजारात वीस वर्षं लिलाव पुकारलेला माणूस. तिथे त्याला सगळे 'एक्सप्रेस'च म्हणत. श्वास कुठे घेतो ते समोरच्याला कळायचं नाही.

जूनमध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि एक्सप्रेस थांबली. उजवा हात बराच सुधारलाय, चालतो नीट, समजतं सगळं. शब्द तेवढे सापडत नाहीत. डोळ्यांत दिसतं की वस्तू त्याच्यासमोर उभी आहे, फक्त तिच्यावरची चिठ्ठी कुणीतरी काढून नेली आहे.

मला ताईला सांगायला हवं होतं की या वर्षी नको. त्याऐवजी "या ना" म्हणाले.

२१ डिसेंबर

मी ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. आज एका आजोबांचा फोन होता. बायको बाथरूममध्ये पडली होती. घाबरून त्यांना स्वतःचा पत्ताच आठवेना. मी म्हणाले, "सावकाश, आजोबा. मी कुठे जात नाही. खिडकीतून काय दिसतं ते सांगा." गाडी वेळेत पोचली. साहेब म्हणाले, तुमच्याइतका धीर कुणाकडे नाही.

घरी आले. हा स्वयंपाकघरात उभा होता, म्हणाला, "च... च..."

"चहा?"

मान हलवली.

"चमचा? चष्मा? चादर?"

त्याने हात झटकला आणि आत निघून गेला. काय हवं होतं ते मला अजून माहीत नाही. आजोबांना मी किती वेळ दिला आणि ह्याला किती, हे मनातल्या मनात मोजायला लागले आणि मग मोजायचं सोडून दिलं.

२३ डिसेंबर

केलं.

एकतीसची रात्रपाळी शेजारच्या खुर्चीवरच्या पोरीला लागली होती. ऑक्टोबरमध्येच लग्न झालंय तिचं. तोंड एवढंसं करून बसली होती. मी साहेबांकडे जाऊन म्हणाले, "तिच्या जागी माझं नाव टाका." साहेब खूश, पोरगी तर गळ्यातच पडली. "मॅडम, तुम्ही देवमाणूस आहात."

घरी येऊन सांगितलं, "एकतीसला माझी ड्यूटी लावली रे. खूप भांडले, पण ऐकेनात."

"खूप भांडले" हे म्हणायची काय गरज होती? खोटं बोलायचं तर निदान साधं बोलावं.

त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. माझंच सांत्वन करत होता.

२६ डिसेंबर

लाज वाटते का मला त्याची? कालपासून हेच डोक्यात आहे. प्रामाणिकपणे लिहायचं तर लाज नाही वाटत. पण सगळे गोल करून बसलेत, हा स्टुलावर उभा, पहिलाच शब्द अडकलाय, ताई हसून "हं, हं, बोल" म्हणतेय, मुलं चुळबुळ करतायत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मला उठून पळावंसं वाटतं. माझ्या तोंडावर कीव दिसेल आणि ती त्याला दिसेल. सगळं समजतं ना त्याला.

म्हणून मी आधीच पळून गेले.

तोही हल्ली विचित्र वागतो. बाथरूममध्ये जातो, कडी लावतो, नळ सोडून देतो आणि कितीतरी वेळ बाहेर येत नाही. बादली भरून वाहते. आज दार वाजवलं तर आतून एकदम शिवी आली, अगदी खणखणीत, एकही अक्षर न चुकता. बोलणं परत शिकवणाऱ्या स्पीचच्या बाईंनी सांगितलं होतं की शिव्या, आकडे, गाणी हे डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतं, ते शाबूत राहतं. तसं असेल. पण शिवी मलाच होती.

माझ्यावर रागावलाय. ड्यूटीमुळेच असणार. बाहेर आला तेव्हा घामाघूम होता.

१ जानेवारी

सकाळी घरी पोचले तेव्हा तो झोपला होता. ताई जाता जाता भांडी घासून, ओटा पुसून गेली होती. खोलीच्या मध्यभागी स्टूल तसंच होतं. मी ते उचलून कोपऱ्यात ठेवलं.

दुपारी ताईला फोन केला. कसं झालं विचारायची हिंमत होत नव्हती, तीच बोलली. "अगं, लिलाव केलाच नाही त्याने. चांगला शर्ट घालून बसला होता. जेवणं झाली, सगळे त्याच्याकडे बघतायत, तर म्हणाला 'ती नाही.' एवढंच. 'ती नाही.' मग आम्हीही धरून बसलो नाही. तुझी तरी काय चूक, नोकरी म्हटली की आलंच."

तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो मला एका शब्दाने बोलला नाही. हे वाक्य लिहिलं आणि मग लक्षात आलं काय लिहिलं ते.

४ जानेवारी

शेजारच्या खुर्चीवरची पोरगी घरी येऊन गेली. मी अंघोळ करत होते. बाहेर आले तर टेबलावर पिवळ्या फुलांचा गुच्छ, आणि हा खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघतोय.

"कोण आलं होतं?"

त्याने खुंटीवरच्या माझ्या ओळखपत्राकडे बोट केलं. ऑफिसमधली, असं.

"काय म्हणाली?"

हात हलवला. काही नाही.

आभार मानायला आली असणार. ती बोलायला लागली की थांबत नाही, पण ह्याच्याशी काय बोलणार? दारातूनच फुलं देऊन गेली असेल. खरं तर क्षणभर वाटलं होतं, रात्रपाळीचं सांगून टाकलं की काय. आणि मग मनात आलं: काही बोलली असली तरी ह्याला मला विचारता थोडंच येणार आहे.

असं माझ्या मनात आलं. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मला नंतर नाकबूल करता येणार नाही.

७ जानेवारी

तीन दिवस झाले, बाथरूमचा नळ बंद आहे. राग गेला म्हणायचा. पण शांतही भलताच झालाय. गॅलरीत बसून रस्ता बघतो. जेवताना माझ्याकडे बघतो आणि मी वर पाहिलं की ताटात बघतो. बरं वाटत नाही का विचारलं तर मान हलवतो. डॉक्टरांना दाखवावं का?

फुलं अजून टवटवीत आहेत. मी टाकून देणार होते, त्याने टाकू दिली नाहीत. पाणी तोच बदलतो.

९ जानेवारी

आज त्याला स्पीचच्या बाईंकडे मी घेऊन गेले. एरवी ताई नेते. तो आत कार्डं लावत बसला होता तेव्हा बाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "मग? कसा झाला एकतीसचा कार्यक्रम?"

"कसला कार्यक्रम?"

"लिलाव हो! महिनाभर दुसरं काही करूच देत नव्हते मला. 'या मंडळी, माल बघा, डोळे उघडे ठेवा, खिसा सैल सोडा.' एवढं एक वाक्य. घरी कुणाला कळू द्यायचं नाही, बायकोला तर मुळीच नाही, असं खुणेने बजावलं होतं. बाथरूममध्ये नळ सोडून म्हणतात, तेही खुणेनेच सांगितलं." त्या हसत होत्या. "शेवटच्या दिवशी सलग म्हणून दाखवलं त्यांनी. 'खिसा'वर अडतात जरा. तुम्ही रडलात की नाही ऐकून?"

मी म्हणाले, "माझी ड्यूटी होती."

"अरेरे," त्या म्हणाल्या. "लावलीच का त्यांनी?"

"लावली," मी म्हणाले.

येताना बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि माझा हात धरून बसला. तो हात तसाच राहू दिला एवढंच मी करू शकले. नळ बंद करण्यासाठी दार वाजवणारी बाई मीच.

१० जानेवारी

मी ताईला सांगायचं ठरवलं होतं. त्याला सांगायचं ठरवलं होतं. दोन्ही केलं नाही. दिवसभर घर झाडत बसले, झाडलेलंच परत झाडलं. त्याला दोनदा विचारलं की काही खायला करू का. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने बोटाने मला खुर्ची दाखवली. बस. बसले.

तो आत गेला आणि माळ्यावरच्या रद्दीतून जुन्या वर्षाचं कॅलेंडर शोधून घेऊन आला. भिंतीवरचं नवं काढलं आणि खिळ्याला जुनं अडकवलं, डिसेंबरचं पान वर करून. एकतीसवर बोट ठेवलं. मग नव्या कॅलेंडरवरच्या एकोणीस जानेवारीवर. रविवार आहे, मला सुट्टी आहे.

"एकोणीसला एकतीस करायचा?"

त्याने मान डोलावली.

"ताईला बोलावू?"

"नको," तो म्हणाला. अजिबात अडला नाही. मग दोन बोटं दाखवली, एक स्वतःकडे, एक माझ्याकडे.

मी हो म्हणाले. त्याला वाटतंय मला नोकरीने अडवलं. म्हणून बिचारा माझ्यासाठी सण पुढे ढकलतोय.

१६ जानेवारी

बाथरूमचा नळ पुन्हा सुरू झाला आहे. मी दार वाजवत नाही. स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसते, मोठ्याने, म्हणजे त्याला वाटावं की मला काही ऐकू येत नाही. पाणी वाया जातंय, जाऊ दे.

एकोणीसच्या आत सांगावं की नंतर? आधी सांगितलं तर त्याच्या दिवसाचा विचका. नंतर सांगितलं तर तो दिवसही खोट्यावर उभा. काल दूध उतू गेलं, आज किल्ली दारालाच विसरले.

१९ जानेवारी

सगळं नीट लिहायचा प्रयत्न करते.

दुपारीच करायचं असं ठरलं. मी सूप केलं, त्याला आवडतात तसे बटाटे भाजले. त्याने तो चांगला शर्ट घातला, गुंड्या स्वतः लावल्या. मी साडी काढली तर त्याने मान हलवली, कपाटातून गेल्या वर्षीची निळी काढून दिली. पाहुणे आल्यासारखे समोरासमोर बसून जेवलो. खिडकीतून ऊन टेबलावर येत होतं आणि खाली रस्त्यावर लोक आपापला साधा रविवार घालवत होते.

जेवण झालं. त्याने स्टूल ओढलं. मी धरायला उठले, तर म्हणाला, "बस." एक हात भिंतीला लावून चढला. चढायला वेळ लागला. मी खुर्चीच्या कडा धरून बसले होते.

"या मंडळी," तो म्हणाला.

मंडळी म्हणजे मी एकटी.

"माल... बघा. डोळे... उघडे ठेवा." मग थांबला. "खि..."

खिसा. माझ्या जिभेवर तयार होता. दात आवळून बसले. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने डोळे मिटले, ओठ हलले, आवाज नाही. मला वाटलं हेच ते, ज्याच्यापासून मी पळाले होते. बघवत नव्हतं, हे खरं. पण बघत बसले.

"खिसा. सैल सोडा!"

मी टाळ्या वाजवल्या. एका माणसाच्या टाळ्या किती केविलवाण्या वाजतात! तो मात्र खूश झाला.

पहिला माल हॉस्पिटलातल्या रबरी सपाता. दोन बोटांत धरून, नाक मुरडून दाखवल्या. मी बोली लावली, "आजच कचऱ्यात टाकीन." "एक वार दोन वार तीन वार!" हे असं सुटलं तोंडातून की मी दचकलेच. तीच जुनी एक्सप्रेस, तोच वेग. तोही दचकला आणि मग आम्ही दोघं हसत सुटलो. त्याला खोकला लागेपर्यंत हसलो.

दुसरा माल हाताने पिळायचा व्यायामाचा चेंडू. मी तोंड उघडायच्या आत त्याने तो परत खिशात टाकला. "माझा," म्हणाला. विकायचा नाही.

मग त्याने शर्टाच्या आतून माझं ओळखपत्र काढलं. फितीला धरून वर लोंबकळवलं.

"ड्यू... टी."

"नोकरी विकतोस की काय माझी?" मी हसतच होते.

त्याने मान हलवली. स्टुलावरूनच वाकून भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट टेकवलं. एकतीस.

माझं हसू जिथल्या तिथे राहिलं.

"बोली... लाव," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. बाजारात जसा उभा राहायचा तसा उभा होता, गिऱ्हाइकाची वाट बघत.

"ती लावली नव्हती कुणी," मी म्हणाले. "मी मागून घेतली होती."

"माहीत."

"कधीपासून?"

"फुलं."

म्हणजे चार जानेवारीपासून. म्हणजे त्या पोरीने दारात उभं राहून सगळं सांगितलं होतं. म्हणजे कॅलेंडर अडकवलं, बसमध्ये हात धरला, ते सगळं माहीत असताना. आणि मी इथे त्याला बिचारा लिहिलंय.

मी म्हणाले, "मला वाटलं, तू सगळ्यांसमोर... म्हणजे मला तुझी... तसं नाही, पण..." पुढे शब्दच येईना. जिचं पोट बोलण्यावर चालतं अशी मी बाई, आणि तोंडात नुसती वाळू. तो थांबला. वरून माझ्याकडे बघत थांबला. त्याने मला एकही शब्द पुरवला नाही.

"तू अडखळशील," शेवटी मी म्हणाले, "आणि ते मला बघवणार नाही, अशी भीती वाटली. म्हणून तुला त्यांच्यात एकटा सोडून गेले. तू माझ्यासाठी पाठ करत होतास हेही मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी कदाचित गेले असते."

हे शेवटचं वाक्य मी ठरवलं नव्हतं. आलं.

तो स्टुलावरून उतरला, माझ्यासमोर बसला. बराच वेळ काही जुळवत होता.

"मला... पण," तो म्हणाला.

"काय तुला पण?"

"भ्यालो." मग, "ती नाही... म्हणालो. ताईला. तू... नाहीस. बरं... झालं."

म्हणजे मी नव्हते हे त्याच्याही पथ्यावर पडलं होतं? मला सोडून करायचं नाही म्हणून नव्हे, भीतीने थांबला होता आणि माझं नाव पुढे केलं होतं? की आत्ता मला हलकं वाटावं म्हणून बोलत होता? मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. वीस वर्षं बाजारात उभा राहिलेला माणूस. मनात काय भाव धरलाय हे चेहऱ्यावर येऊ देत नाही. मला कळलं नाही, आणि विचारायचा मला हक्क आहे असंही वाटलं नाही.

त्याने टेबलावर तळहात मारला. "एक वार." थांबला. "दोन वार." आणि भुवया उंचावल्या. माल अजून विकला गेला नव्हता.

"मी घेते," मी म्हणाले.

"काय... देणार?"

"ताईला खरं सांगीन."

त्याने जरा विचार केला. ताईला तो माझ्यापेक्षा जास्त ओळखतो.

"तीन वार," तो म्हणाला आणि फीत माझ्या गळ्यात घातली.

२० जानेवारी

सकाळी कपडे वाळत घातले आणि तशाच ओल्या हातांनी ताईला फोन लावला. उद्यावर टाकलं असतं तर परवावर गेलं असतं.

सांगितलं. मग ताई सुरू झाली. "मी तुझी बाजू घेत होते सगळ्यांकडे! ह्यांच्या आईपुढे! बिचारीला सणासुदीला राबवतात म्हणून! आणि तू? तो चांगला शर्ट घालून बसला होता गं. दरवाजाकडे बघत होता." ती रडायला लागली होती. "परक्या माणसांचे फोन घ्यायला गेलीस. परक्यांचे!" मी हूं हूं करत राहिले. ते सगळं माझंच होतं, मला ते ऐकायलाच हवं होतं.

हा गॅलरीतून आत आला. मग त्याने हात पुढे केला.

आजारापासून त्याने फोन कानाला लावलेला नाही. फोनवर हातवारे चालत नाहीत, समोरच्याला तोंड दिसत नाही, नुसती शांतता ऐकू जाते. वाजला तरी खोलीतून निघून जायचा. मी मान हलवली, नको, राहू दे. त्याने माझ्या हातातून फोन काढूनच घेतला.

ताईचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. तिला कळलंच नव्हतं की या बाजूचा माणूस बदललाय.

"ताई," तो म्हणाला.

ती बोलतच होती.

"ताई. ग... गप्प."

पलीकडचा आवाज एकदम थांबला. मग बारीकसं काहीतरी ऐकू आलं. तो माझ्याकडे वळला, तोंडावर गोंधळ.

"परत... म्हण म्हणते," तो मला म्हणाला.

मग फोनमध्ये, चांगला घसा खाकरून, "गप्प!"

ताई हसत होती की रडत होती, मला कळेना. तो खुर्चीत बसला, फोन दोन्ही हातांनी धरून, लहान मुलं धरतात तसा. "हो," म्हणाला. मग "नाही." मग एक मोठी शांतता, आणि ताईही गप्प होती, वाट बघत होती बहुतेक. मी तिथे उभी राहिले तर तो माझ्याकडे बघूनच बोलणार होता. मी गॅलरीत गेले आणि दोरीवरचे कपडे काढायला लागले. अजून ओलेच होते.